ऑर्डर आल्या, पण जाहिरातीला कळल्याच नाहीत: तुटलेला पिक्सेल वेळेत कसा पकडायचा

समजा, देवगडचा एक बागायतदार हापूसच्या पेट्या स्वतःच्या वेबसाइटवरून थेट विकतो. मार्चपासून फेसबुक आणि इन्स्टाग्रामवर जाहिराती चालू आहेत. अक्षय्य तृतीया आठ दिवसांवर आली आहे, पुण्या-मुंबईची मागणी वाढली आहे, आणि नेमकं तेव्हाच जाहिरातीच्या डॅशबोर्डवर विक्रीचा आकडा निम्म्यावर येतो. एजन्सी म्हणते, लोकांना तोच तो व्हिडिओ बघून कंटाळा आलाय, नवा टाकूया, तोवर बजेट कमी करू. बजेट कमी होतं. दोन दिवसांनी पेट्या भरणारी माणसं सांगतात की ऑर्डर तर रोजच्यासारख्याच येत होत्या. जाहिरात नीट चालली होती. विक्री मोजणारा वेबसाइटवरचा कोड, म्हणजे पिक्सेल, तुटला होता.

हा बिघाड आवाज करत नाही, हीच त्याची खरी अडचण. वेबसाइट उघडते, पैसे खात्यात जमा होतात, ग्राहकाची काही तक्रार नसते. फक्त एक आकडा खाली येतो, आणि त्या आकड्यासाठी ‘मागणी घटली’ हे कारण कायम तयार असतं. आंब्याचा हंगाम जेमतेम दोन-अडीच महिन्यांचा. त्यातला एक आठवडा चुकीच्या आकड्यांवर निर्णय घेण्यात गेला तर तो परत मिळत नाही. जाहिरातीवर स्वतःच्या कमाईतले पैसे घालणाऱ्या प्रत्येक लहान व्यावसायिकाला हा विषय कळायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यासाठी प्रोग्रामर असायची गरज नाही. ऑर्डरची यादी आणि शाळेतलं गणित बरंचसं काम करतं.

पिक्सेल करतो काय

१९९०च्या दशकात वेबपानात एक बाय एक पिक्सेलचं पारदर्शक चित्र टाकायची पद्धत सुरू झाली. ब्राउझरने ते चित्र मागितलं की त्या मागणीसोबत पानाचा पत्ता, कुकी (ब्राउझरमध्ये साठवलेली छोटी नोंद), वेळ अशी माहिती चित्र ठेवणाऱ्या सर्व्हरकडे जायची. चित्र कुणाला दिसावं असा हेतूच नव्हता, मागणीची नोंद व्हावी एवढाच होता. आता त्या जागी जावास्क्रिप्ट या प्रोग्रामिंगच्या भाषेतल्या कोडचा तुकडा असतो, नाव मात्र टिकलं. फेसबुकने आपला आजचा पिक्सेल २०१५ मध्ये आणला. २०२१ मध्ये कंपनीचं नाव मेटा झालं आणि त्याला मेटा पिक्सेल म्हणू लागले. गुगलच्या जाहिरातींत हेच काम करणाऱ्या तुकड्याला टॅग म्हणतात.

ग्राहक पान उघडतो तेव्हा हा तुकडा मेटाला ‘पेज व्ह्यू’ असा निरोप पाठवतो. पेटी कार्टमध्ये टाकली की ‘ॲड टू कार्ट’, पैसे भरायच्या पानावर गेला की ‘इनिशिएट चेकआउट’, आणि ऑर्डर पक्की झाल्याचं थँक यू पेज उघडलं की ‘परचेस’. या शेवटच्या निरोपात रक्कम आणि चलनही जातं. जाहिरातीवर क्लिक करताना लिंकच्या शेपटाला एक लांबलचक ओळखचिन्ह जोडलेलं असतं, मेटाचं एफबीक्लिड आणि गुगलचं जीक्लिड. ते ब्राउझरच्या कुकीत साठवलं जातं आणि ‘परचेस’सोबत परत जातं. त्यावरून मेटाला कळतं की ही विक्री अमुक जाहिरातीतून आली.

इथे एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हा निरोप ग्राहकाच्या ब्राउझरमधून थेट मेटाकडे जातो. दुकानाच्या सर्व्हरला त्याचा पत्ता नसतो. निरोप गेला, अडला की अर्धवट गेला, याची दुकानात आपोआप कुठलीच नोंद होत नाही. पुढची सगळी देखरेख करावी लागते ती या एका कारणामुळे.

आणि हे निरोप फक्त अहवालासाठी नसतात. जाहिरात कोणाला दाखवायची हे मेटाची यंत्रणा त्यांवरूनच शिकते. मेटाच्या सांगण्यानुसार एका ॲड सेटला, म्हणजे जाहिरातींच्या एका गटाला, स्थिर व्हायला आठवड्याला साधारण ५० कन्व्हर्जन (जाहिरातीतून झालेली विक्री किंवा तशी हवी ती कृती) लागतात. तोवर तो ‘लर्निंग फेज’मध्ये, म्हणजे शिकण्याच्या टप्प्यात, असतो. पिक्सेल तुटला की यंत्रणेच्या दृष्टीने आंबे घेणारे लोक आंबे घेईनासे होतात, आणि ती दुसऱ्या लोकांकडे वळते. म्हणजे आज मोजण्यात बिघाड झाला, तर उद्या विक्रीत खरोखरच घट होऊ शकते. मग डॅशबोर्ड आणि वास्तव एकमेकांशी जुळू लागतात, आणि मूळ कारण शोधणं आणखी अवघड होतं.

तुटण्याच्या तऱ्हा

आपल्याकडची सगळ्यात मोठी गळती यूपीआयच्या वाटेवर होते. ग्राहक इन्स्टाग्रामवर जाहिरात बघतो, लिंक इन्स्टाग्रामच्याच आतल्या ब्राउझरमध्ये उघडते, तो यूपीआय निवडतो, फोनपे किंवा गुगल पे उघडतं, पिन टाकतो, पैसे जातात. बँकेचा मेसेज आला की त्याच्या लेखी काम संपलं. तो ब्राउझरकडे परत येतोच असं नाही. कधी कमी मेमरीच्या फोनमध्ये मागचं पान फोननेच बंद केलेलं असतं. पेमेंट गेटवे, म्हणजे पैसे स्वीकारणारी मधली सेवा, मात्र दुकानाच्या सर्व्हरला स्वतंत्रपणे कळवतो की पैसे आले, त्यामुळे ऑर्डर व्यवस्थित नोंदवली जाते. थँक यू पेज कधी उघडलंच नाही, म्हणून ‘परचेस’ गेला नाही. इथे कोडमध्ये काहीही बिघडलेलं नाही, तरी विक्रीचा एक ठरावीक हिस्सा रोज गळतो. कॅश ऑन डिलिव्हरीत ग्राहक साइट सोडून कुठे जात नाही, त्यामुळे तिथे गळती बरीच कमी असते. हा फरक पुढे फार कामाला येणार आहे.

दुसरी तऱ्हा कोड बदलल्याने होणारी. वेबसाइटची थीम अपडेट केली आणि पिक्सेलचा तुकडा जुन्या थीमसोबत गेला. चेकआउटचं प्लगइन बदललं आणि थँक यू पेजचा पत्ता बदलला, पण टॅग मॅनेजरमधला (असे कोडचे तुकडे एका जागी सांभाळणारं साधन) नियम जुन्याच पत्त्याची वाट बघत बसला. डेव्हलपरने सुरक्षेसाठी बाहेरच्या स्क्रिप्टवर बंदी घालणारी सेटिंग लावली आणि मेटाची स्क्रिप्टही तिच्यात अडकली. कुकीच्या संमतीची पट्टी नव्याने बसवली आणि ती ‘हो’ म्हणणाऱ्यांचेही निरोप अडवू लागली. असा बिघाड एका ठरावीक मिनिटाला सुरू होतो आणि आकडा एकदम कोसळतो. पकडायला हा त्यातल्या त्यात सोपा.

अधिक फसवे बिघाड आकडा वाढवणारे असतात, कारण वाढलेल्या आकड्यावर कोणी संशय घेत नाही. प्लगइनमधूनही पिक्सेल लावला आणि टॅग मॅनेजरमधूनही, की प्रत्येक विक्री दोनदा मोजली जाते. ग्राहकाने थँक यू पेज रिफ्रेश केलं की पुन्हा एक. मग एजन्सीचा अहवाल झकास दिसतो आणि बजेट वाढतं. रकमेतल्या चुका तर याहून विचित्र असतात. रेझरपेसारख्या गेटवेला रक्कम पैशांत द्यावी लागते, म्हणजे १,२०० रुपये हे १,२०,००० असे जातात. तोच आकडा कोणी जसाच्या तसा पिक्सेलला दिला तर विक्री शंभरपट दिसते. उलट बाजूने, पानावरची ‘१,२००’ ही अक्षरं अक्षरांतून संख्या काढणाऱ्या जावास्क्रिप्टच्या पार्सफ्लोटने वाचली, तर ते स्वल्पविरामाशी थांबतं आणि उत्तर देतं १. बाराशेची पेटी एका रुपयाला नोंदवली जाते. ऑर्डरची संख्या दोन्ही वेळी अगदी बरोबर असते, म्हणून फक्त संख्या बघणाऱ्याला यातलं काहीच दिसत नाही.

शेवटची तऱ्हा म्हणजे निरोप पोचतो, पण बिनकामाचा ठरतो. एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर पाठवताना लिंकचं शेपूट गळालं, तर एफबीक्लिड हरवतं. विक्री दिसते, पण कुठल्या जाहिरातीची ते कळत नाही. ग्राहकाची ओळख जुळवण्यासाठी फोन नंबर एसएचए-२५६ या पद्धतीने हॅश करून, म्हणजे उलट न उलगडणाऱ्या सांकेतिक साखळीत बदलून, पाठवतात. मेटाला त्यात देशाचा कोड लागतो. आपल्याकडे फॉर्ममध्ये दहा आकडी नंबर घेतात आणि ९१ न जोडता तोच हॅश करतात. एका आकड्याच्या फरकाने संपूर्ण हॅश बदलतो आणि जुळणी होत नाही. गुगलच्या बाजूला ऑर्डर क्रमांकाच्या जागी चाचणीच्या वेळचा एकच क्रमांक कायम राहून गेला, तर सगळ्या विक्री एकाच ऑर्डरच्या पुनरावृत्ती समजून गाळल्या जातात.

ताडून बघायचं ते ऑर्डरच्या यादीशी

पिक्सेलवर देखरेख म्हणजे पिक्सेलच्याच आकड्याचा आलेख रोज बघणं, असा बहुतेकांचा समज असतो. कालपेक्षा आज कमी, म्हणून काहीतरी बिघडलं. माझ्या मते ही देखरेख जवळजवळ निरुपयोगी आहे. हंगामाच्या व्यवसायात आकडा रोज खाली-वर होतो. अक्षय्य तृतीयेनंतर विक्री उतरते, जूनमध्ये पाऊस लागला की थांबते. त्या आलेखात बिघाड आणि बाजार यांची सरमिसळ झालेली असते, आणि ती कितीही निरखून बघितलं तरी सुटत नाही.

दोन्ही वेगळे करायचे तर भागाकार करावा लागतो. पिक्सेलने नोंदवलेल्या ‘परचेस’ना दुकानाच्या सर्व्हरवरच्या पक्क्या ऑर्डरनी भागायचं. बाजार वाढला की दोन्ही आकडे वाढतात, उतरला की दोन्ही उतरतात, पण गुणोत्तर जागेवर राहतं. ते हललं की समजावं, मोजणीत काहीतरी बदललं.

हे गुणोत्तर १०० टक्के कधीच नसतं, आणि तशी अपेक्षाही धरू नये. यूपीआयची गळती आहे, जाहिराती अडवणारे ॲडब्लॉकर आहेत. सफारी ब्राउझर २०१७ पासून असल्या ट्रॅकिंगवर एकेक बंधन घालत आला आहे, आणि एप्रिल २०२१ मध्ये आयओएस १४.५ सोबत ॲपलने ॲपमधल्या ट्रॅकिंगसाठी परवानगी विचारणं सक्तीचं केलं. एका दुकानाचं गुणोत्तर ८३ टक्के असेल, दुसऱ्याचं ७०. तुमचं किती आहे ते दोन-तीन चांगल्या आठवड्यांच्या आकड्यांवरून ठरवायचं. देखरेखीसाठी ते मोठं असण्यापेक्षा स्थिर असणं महत्त्वाचं.

आता प्रश्न, किती हललं की घाबरायचं? समजा, नेहमीचं गुणोत्तर ८३ टक्के आहे आणि दिवसाला १०० ऑर्डर येतात. म्हणजे ८३ ‘परचेस’ अपेक्षित. पण नशिबाने कधी ८० येतील, कधी ८७. हा नैसर्गिक चढउतार किती असतो, त्याचं साधं सूत्र आहे: ऑर्डरची संख्या गुणिले पोचण्याचं प्रमाण गुणिले न पोचण्याचं प्रमाण, आणि त्याचं वर्गमूळ. १०० गुणिले ०.८३ गुणिले ०.१७ म्हणजे सुमारे १४, आणि त्याचं वर्गमूळ पावणेचारच्या आसपास. त्याच्या तिप्पट, म्हणजे ११ पर्यंतचा फरक योगायोगाने पडू शकतो. ८३ मधून ११ गेले, ७२ राहिले. एखाद्या दिवशी ७२ च्या खाली आकडा आला तर तो योगायोग समजू नये.

हेच सूत्र दिवसाला २० ऑर्डर येणाऱ्या दुकानाला लावलं तर अपेक्षित आकडा साडेसोळा, आणि सावध व्हायची रेषा साडेअकराच्या आसपास येते. म्हणजे तिथे गुणोत्तर ६० टक्क्यांवर आलं तरी तो अजून योगायोग असू शकतो. ‘दहा टक्के घट झाली की सूचना द्या’ अशी सेटिंग लहान दुकानात रोज खोटा गजर करते, आणि आठवड्याभरात लोक तिच्याकडे बघायचं सोडून देतात. रेषा ऑर्डरच्या संख्येनुसार ठरवायला हवी.

तुलना करताना दोन सापळे नेहमी आड येतात. पहिला घड्याळाचा. ऑर्डरची यादी बहुतेक वेळा जागतिक प्रमाणवेळेत साठवलेली असते, आपण तिच्यापेक्षा साडेपाच तास पुढे, आणि ॲड अकाउंटचं घड्याळ उघडताना जे निवडलं गेलं ते. तिन्हींचा ‘सोमवार’ वेगळा असेल तर अक्षय्य तृतीयेच्या धावपळीत नसलेला बिघाड दिसतो. दुसरा सापळा जास्त खोल आहे. गुगल ॲड्सच्या नेहमीच्या अहवालात कन्व्हर्जन हे विक्रीच्या तारखेला नाही, तर क्लिकच्या तारखेला मांडलं जातं. गुरुवारी क्लिक केलेल्याने रविवारी पेटी घेतली तर ती गुरुवारच्या खात्यात जाते. त्यामुळे ताजे दोन-तीन दिवस कायम रोडावलेले दिसतात आणि नंतर आपोआप भरतात. तो अहवाल बघून पिक्सेल तुटला असा निष्कर्ष काढू नये. देखरेखीसाठी पोचलेल्या निरोपांचा आकडा घ्यावा. मेटामध्ये तो इव्हेंट्स मॅनेजरमध्ये मिळतो. जाहिरातीला श्रेय मिळालेल्या विक्रीचा आकडा ही वेगळी गोष्ट आहे.

रकमेसाठीही असाच एक भागाकार ठेवावा: पिक्सेलने सांगितलेली सरासरी ऑर्डर भागिले यादीतली सरासरी ऑर्डर. उत्तर १ च्या जवळ हवं. १०० आलं तर रुपये-पैशांचा घोळ. शून्याच्या जवळ आलं तर स्वल्पविरामाचा.

दिवस संपायची वाट न बघता

रोजचा हिशेब दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. ऐन हंगामात तेवढा उशीरही महाग पडतो. मग तासातासाला बघायचं का? इथे पुष्कळ लोक ‘दोन तास एकही परचेस नाही तर कळवा’ असा नियम लावतात. तो दुपारी ठीक असेल, पण पहाटे साडेतीनला दोन तास काहीच न येणं हे अगदी रोजचं आहे.

तास मोजण्याऐवजी त्या वेळात सहसा किती निरोप येतात ते मोजावं. जिथे सहसा ३ येतात तिथे योगायोगाने शून्य येण्याची शक्यता सुमारे ५ टक्के. जिथे ५ येतात तिथे पाऊण टक्क्याच्या आत. जिथे ७ येतात तिथे हजारात एकदा. ५ टक्के ऐकायला कमी वाटतं, पण दर तासाला एकदा म्हणजे महिन्याला ७२० वेळा तपासलं, तर पस्तीसेक खोटे गजर होतील. सातचा नियम लावला तर महिन्यात एखादाच. ज्या दुकानात दिवसा तासाला ३ ‘परचेस’ येतात, तिथे सातचा नियम सव्वादोन-अडीच तासांत बिघाड दाखवतो. रात्री तोच नियम आपोआप धीर धरतो.

याहूनही चांगली एक वाट आहे, आणि डेव्हलपरकडून एकच काम करून घ्यायचं असेल तर ते हे करून घ्यावं. थँक यू पेजवर मेटाची स्क्रिप्ट खरोखर लोड झाली आहे याची खात्री करून ‘परचेस’ पाठवला, की त्याच क्षणी त्या ऑर्डरचा क्रमांक स्वतःच्या सर्व्हरलाही कळवायचा. ऑर्डरच्या यादीत एक नवा रकाना होतो: ‘पिक्सेल गेला का?’ आता प्रत्येक ऑर्डरमागे हो किंवा नाही असं उत्तर मिळतं, आणि दिवसभराची बेरीज करायची गरज राहत नाही. ८३ टक्क्यांच्या दुकानात सलग ५ ऑर्डर पिक्सेलविना जाण्याची शक्यता दहा हजारांत जेमतेम दीड. त्या पाचही यूपीआयच्या असल्या आणि यूपीआयची गळती २५ टक्के धरली, तरी हजारात एक. म्हणजे ‘सलग पाच नाही’ दिसले की फोन वाजायला हरकत नाही. दुकान छोटं असलं तरी हा नियम चालतो. फक्त हा रकाना निरोप निघाला एवढंच सांगतो, मेटाने स्वीकारला की नाही ते सांगत नाही. म्हणून इव्हेंट्स मॅनेजरमधल्या रोजच्या आकड्याशी ताळा ठेवावाच लागतो.

आणि ऑर्डरच येत नसतील, तर प्रश्न पिक्सेलचा नाही. चेकआउट किंवा पेमेंट बंद पडलं असेल. तो गजर वेगळा ठेवावा आणि त्याला आधी धावावं.

फोड करून बघितल्याशिवाय निष्कर्ष नको

एकूण गुणोत्तर दोन्ही बाजूंनी फसवू शकतं. समजा, १०० ऑर्डरपैकी ४० कॅश ऑन डिलिव्हरीच्या आहेत, त्यातल्या ९५ टक्के पोचतात, म्हणजे ३८. उरलेल्या ६० यूपीआयच्या, त्यातल्या ७५ टक्के पोचतात, म्हणजे ४५. एकूण ८३. आता बागायतदाराने ठरवलं की गर्दीच्या आठवड्यात कॅश ऑन डिलिव्हरी बंद, कारण नाकारून परत आलेली पेटी प्रवासातच पिकून खराब होते. निर्णय शहाणपणाचा आहे. पण आता शंभरही ऑर्डर यूपीआयच्या झाल्या आणि गुणोत्तर ७५ वर आलं. काहीही तुटलेलं नाही, तरी चार दिवस असेच गेले तर कोणीही डेव्हलपरला फोन करेल. पैसे भरायच्या पद्धतीनुसार दोन वेगळी गुणोत्तरं ठेवली असती तर दोन्ही जागच्या जागी दिसली असती.

उलट प्रकारही होतो. बिघाड फक्त आयफोनवरच्या इन्स्टाग्रामच्या आतल्या ब्राउझरमध्ये आहे, आणि तिथून शंभरात १५ ऑर्डर येतात. त्या सगळ्याच्या सगळ्या गळाल्या तरी एकूण आकडा ८३ वरून सत्तरच्या आसपास येतो, आपण काढलेल्या ७२ च्या रेषेवर रेंगाळत राहतो, कधी आत, कधी बाहेर. त्या गटाचं गुणोत्तर मात्र शून्य झालेलं असतं. पैसे भरायची पद्धत, फोन आयफोन की अँड्रॉइड, आणि साध्या ब्राउझरमधून की ॲपच्या आतून, या तीन फोडी बहुतेक दुकानांना पुरतात. याहून बारीक फोड केली तर प्रत्येक गटात ऑर्डर इतक्या कमी उरतात की वरचं गणितच बोलेनासं होतं.

मेटाचं पिक्सेल हेल्पर आणि गुगलचं टॅग असिस्टंट ही क्रोममधली साधनं बिघाड कळल्यावर कारण शोधायला उत्तम आहेत. त्यांवर देखरेख सोपवू नये. ती तुमच्या संगणकावर, तुमच्या ब्राउझरमध्ये, त्या एका भेटीत काय झालं तेवढंच सांगतात. थीम, प्लगइन किंवा टॅग मॅनेजरमध्ये काही बदललं की स्वतः एक खरी ऑर्डर टाकून बघावी, आणि ती फोनवरून, जाहिरातीच्या लिंकने, यूपीआयने पैसे भरून टाकावी. ऑफिसच्या लॅपटॉपवर केलेल्या चाचणीत जवळपास सगळंच पास होतं. बदलाची तारीख आणि वेळ एका वहीत लिहून ठेवावी. गुणोत्तर कोसळलं की आधी ती वही उघडायची. कारण बहुतेकदा तिथेच सापडतं, आणि टॅग मॅनेजरमधला बदल असेल तर जुनी आवृत्ती एका क्लिकवर परत आणता येते.

नको ते जात असेल तर तोही बिघाडच

देखरेख म्हणजे कमी किती जातंय एवढंच बघणं नव्हे. जून २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ‘द मार्कअप’ या संस्थेने दाखवून दिलं की तिथल्या नामांकित १०० रुग्णालयांपैकी ३३ च्या वेबसाइटवरचा मेटा पिक्सेल डॉक्टरची वेळ घेणाऱ्या लोकांची माहिती फेसबुककडे पाठवत होता. बटणावर काय लिहिलं आहे, पानाच्या पत्त्यात कुठला आजार आहे, हे सगळं पिक्सेल उचलतो. आंब्याच्या दुकानातही थँक यू पेजच्या पत्त्यातच ग्राहकाचं नाव आणि फोन नंबर उघडा असेल, तर तो प्रत्येक निरोपासोबत बाहेर जातो. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानुसार ही जबाबदारी दुकानदाराची आहे, एजन्सीची म्हणून ढकलता येणार नाही. महिन्यातून एकदा जाणारे निरोप उघडून वाचावेत. ग्राहकाने विश्वासाने दिलेली माहिती जपणं हे विक्री मोजण्यापेक्षा मोठं काम आहे.

बिघाड सापडला, आता पुढे

आधी दुरुस्ती, हे उघड आहे. पण मधल्या दिवसांत हरवलेल्या निरोपांचं काय? इथे वेळेचं एक कडक बंधन येतं. मेटाच्या कन्व्हर्जन्स एपीआयमधून वेबसाइटवरची विक्री सर्व्हरवरून थेट पाठवता येते, आणि मागच्या तारखेचीही पाठवता येते, पण फक्त सात दिवसांपर्यंतची. एका खेपेत शंभर नोंदी पाठवल्या आणि त्यातली एक जरी सात दिवसांहून जुनी निघाली, तरी सगळी खेप परत येते. म्हणजे बिघाड तिसऱ्या दिवशी कळला तर सगळं भरून काढता येतं, दहाव्या दिवशी कळला तर सुरुवातीचे तीन दिवस कायमचे गेले. पाठवताना इव्हेंट आयडी म्हणून ऑर्डर क्रमांक द्यावा आणि पिक्सेलमध्येही तोच द्यावा. निरोपाचं नाव आणि आयडी दोन्ही जुळले तर मेटा ४८ तासांच्या आतल्या जोडीतली एकच नोंद धरतं. जुन्या दिवसांची भरपाई करताना मात्र या जुळणीवर विसंबू नये. ‘पिक्सेल गेला का?’ या रकान्यात ‘नाही’ असलेल्याच ऑर्डर पाठवाव्यात.

हीच वाट रोजसाठी कायम चालू ठेवली, म्हणजे गेटवेने पैसे आल्याचं कळवताच सर्व्हरवरून ‘परचेस’ पाठवला, तर यूपीआयची गळतीही बुजते. पिक्सेल लावलेल्या प्रत्येक दुकानाने हे करावं. मात्र त्यानंतर पिक्सेल आणि सर्व्हर यांची गुणोत्तरं वेगवेगळी बघत राहावीत. एक तुटलं तर दुसरं त्याची उणीव झाकतं, एकूण आकडा शाबूत दिसतो, आणि दुसरं तुटेपर्यंत पहिल्याचा पत्ता लागत नाही.

गुगलमध्ये मुदत सैल आहे. जीक्लिड साठवलं असेल तर क्लिकनंतर ९० दिवसांपर्यंतची विक्री मागाहून चढवता येते. शिवाय स्मार्ट बिडिंगसाठी (जाहिरातीची बोली आपोआप ठरवणारी गुगलची यंत्रणा) ‘डेटा एक्सक्लूजन’ नावाची सोय आहे: या तारखांचे आकडे खराब आहेत, त्यांवरून शिकू नकोस, असं यंत्रणेला सांगता येतं. तिथे तारखा क्लिकच्या द्याव्या लागतात. बिघाड १० ते १२ एप्रिल असेल आणि ग्राहक सहसा क्लिकनंतर तीन दिवसांत खरेदी करत असतील, तर वगळायची सुरुवात ७ एप्रिलपासून करावी, कारण ७ तारखेला क्लिक केलेल्याची १० तारखेची खरेदीही हरवलेली आहे.

या सगळ्यासाठी लागणारा कच्चा माल बिघाडाच्या आधीच साठवलेला असावा लागतो. चेकआउटच्या क्षणी ऑर्डरसोबत एफबीक्लिडची कुकी, जीक्लिड, ब्राउझरचं नाव, पैसे भरायची पद्धत आणि ग्राहकाने माहिती वापरायला दिलेली संमती, एवढे रकाने यादीत हवेत. डेव्हलपरला हे साधारण एका दिवसाचं काम आहे, आणि ते पेट्या भरायला सुरुवात होण्याआधी, फेब्रुवारीत करून घ्यावं.